मालकाचं नाव

बानाबाईंनी मांजरीला जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं, चारी पाय आत दाबले आणि तोंड तेवढं बाहेर ठेवून ते गाठोडं मांडीवर घेतलं.

“मान वर करू नको तिची. ठसका लागंल. गालातून सोड, कडंकडंनं.”

आवडानं बिनसुईची सिरिंज मांजरीच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवली. औषध थोडं आत गेलं, बरंचसं हनुवटीवरून लुगड्यात जिरलं. काल निम्मं तरी पोटात गेलं होतं.

“गिळलं का?”

“नाही, आत्या.”

बानाबाईंनी मांजरीच्या गळ्यावरून एक बोट हलकेच खाली ओढलं, कोकराला पाजताना ओढतात तसं. त्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागे गेलं होतं. मुलगा बद्रीनाथ चिकलठाण्याच्या कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं, नात झाली, आणि त्या मुकुंदवाडीतल्या या दोन खोल्यांत सुनेच्या, आवडाच्या, मदतीला येऊन राहिल्या. सात महिन्यांच्या नातीला औषध पाजायची रीतही त्यांनीच आवडाला दाखवली होती. नर्सनं सांगितलेल्या रीतीनं पोरगी सगळं अंगावर उलटत असे.

मांजरीचं नाव राखुंडी. रंगच तसा होता. तिच्या पोटाखाली, सडांच्या ओळीत, बोराएवढी गाठ दिवाळीच्या सुमारास हाताला लागली. संक्रांतीपर्यंत बोराचं लिंबू झालं. आता ते फुटलं होतं. आवडानं कालची पट्टी औषधाच्या पाण्यानं भिजवून सोडवायला घेतली, तशी राखुंडी बारीक आवाजात ओरडली. एवढ्याशा आवाजानं पान्हा फुटून आवडाच्या गाऊनवर दोन ओले डाग उमटले. पोरगी तर पाळण्यात गाढ झोपलेली होती.

बानाबाईंनी ते पाहिलं. पदर पुढे करून त्यांनी सुनेच्या गळ्याशी टाकला आणि पुन्हा मांजरीचं डोकं धरलं.

पट्टी बांधून झाल्यावर त्या म्हणाल्या, “तो कागद वाच बरं आता.”

कागद मंगळवारपासून फ्रीजवर, पोरीच्या पावडरच्या डब्याखाली होता. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तो दिला होता. दुखणं छातीत उतरलंय, म्हणाले. आता पट्ट्या बांधून आणि औषधं पाजून तिचं दुखणं तेवढं लांबतंय. एक इंजेक्शन आहे, त्यानं ती झोपेल आणि झोपेतच जाईल. घरात विचार करा आणि मालकाची सही घेऊन या.

आवडानं वाचलं, “मी, वर नमूद केलेल्या जनावराचा मालक, माझ्या राजीखुशीनं संमती देतो की...”

“वर कोण नमूद हाय?”

“मामांचं नाव आहे.”

बानाबाईंचा मांजरीच्या पाठीवरून फिरणारा हात थांबला.

ते नाव तिथं कसं गेलं हे दोघींनाही माहीत होतं. पहिल्यांदा दवाखान्यात गेल्या तेव्हा खिडकीमागच्या पुंजाराम कंपाउंडरनं विचारलं होतं, मालकाचं नाव? बानाबाईंनी मान दुसरीकडे वळवली आणि सुनेला कोपरानं ढोसलं. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. घरात, शेजारापाजारात त्या त्यांना मालकच म्हणायच्या. कंपाउंडरला मांजरीचा मालक हवाय आणि सासूबाईंना आपला मालक कळलाय, हे आवडाच्या तेव्हाच ध्यानात आलं होतं. पण मागे रांग होती, कडेवर पोरगी रडत होती. तिला जरा हसूही आलं होतं. तिनं सासऱ्यांचं, मुंजाबांचं, नाव सांगून टाकलं. एका अर्थी ते खोटंही नव्हतं. राखुंडीला चार वर्षांपूर्वी मुंजाबांनीच फर्दापूरच्या माळावरून घोंगडीच्या खोळीत घालून आणलं होतं.

“म्हंजी इंजेक्शन दिलं की ते त्यांच्या नावावर लागंल,” बानाबाई म्हणाल्या.

“लागत नाही हो असं काही. नुसता कागद आहे.”

“सातबारा काय असतो मग?”

आवडा लासूर स्टेशनची, बारावी झालेली. मांजर हातून मेली तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते, हे तिनं लहानपणी ऐकलं होतं, पण आजी ते मांजरीला दगड मारणाऱ्या पोरांना भ्या दाखवायला सांगायची.

“मग सोन्याची मांजर वाहू,” ती हसवायला म्हणाली.

“कुठून आणती? मह्या कानात तिच्या मिशीएवढं बी सोनं नाय.”

दोघी थोडं हसल्या. मग बानाबाईंनी गुडघ्यावर हात ठेवून उठता उठता, चुलीवरचं दूध बघायला सांगावं तशा आवाजात सांगितलं, “मागच्या वैशाखात इज पडली, आकरा मेंढरं जाग्यावर गेली. ते ईस पावलांवर उभे व्हते. कशानं वाचले? गाठीला पुण्य व्हतं म्हणून. ते तेवढ्यातच सरलं असंल, आवडे. आता त्यांच्या नावावर मांजर नको.”

*

मुंजाबा अजून माळावर मेंढरांमागेच होते; दुपारी मेंढरं सावलीला बसली की त्यांचा फोन लागायचा. आवडानं आवाज मोठा करून फोन मध्ये ठेवला. पलीकडे कुत्रं भुंकत होतं.

“राखुंडी खात नाय म्हणता?”

“पाणीसुद्धा नाही, मामा. आज तिसरा दिवस.”

मुंजाबांनी कुत्र्याला हाकललं आणि विचारलं, “कागदावर नाव कोणाचं?”

आवडानं सासूकडे पाहिलं. “तुमचं.”

“मग मी येतो. शनिवारी पोचतो. जोडीच्या कडूबाला मेंढरांमागं ठिवतो अन् येतो. आंगठा मीच उठवीन. तवर कागदाला कोणी हात लावू नका. बद्रीच्या मायच्या हाती तर देऊच नका, ती करंल कायबी.”

“आयकू येतंय मला,” बानाबाई म्हणाल्या.

“मग आयक. जलमभर बकरं कसायाच्या हवाली केलं मी. त्यात एक मांजर. मह्या पाठीवर लई जागा हाय अजून.”

“बकऱ्याचं येगळं. मांजराचं येगळं.”

“तू वकील व्हायला पाहिजे व्हती.”

“भाकर खाल्ली का?”

“खाल्ली.”

“घोंगडी जवळ ठिवत जा. आभाळ आलंय म्हणत्यात तिकडं.”

फोन बंद झाला. बुधवार होता.

गुरुवारी राखुंडी उठून गेली. चार पावलं, मग बसायचं, मग चार पावलं, असं करत ती गव्हाच्या कोठीमागे शिरली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. खोलीत वास भरला. बद्रीनाथ कामावरून आला, नाकाला रुमाल लावून तिच्याशेजारी उकिडवा बसला, आणि न जेवता झोपला. तो म्हणाला होता की मीच करतो सही, विषय मिटवू. बानाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही.

शुक्रवारी सकाळी बद्रीनाथ पहिल्या पाळीला गेला. आवडा पोरीला पाजत होती. कोठीमागून आवाज येत होता. तो ओरडण्याचा नव्हता. दार बिजागरीत घासतं तसा, प्रत्येक श्वासाला एकदा. बानाबाई कोठीशी बसून ओल्या कापसानं मांजरीचे ओठ पुसत होत्या. पोरीचं पिऊन झालं, ढेकर झाला, तोवर त्या तशाच बसून होत्या. मग त्यांनी कापूस बाजूला ठेवला.

“रिक्षा बोलाव.”

“मामा उद्या येतायत, आत्या.”

“म्हणून तर आज.”

रिक्षावाल्यानं आरशातून त्यांच्या मांडीवरचं गाठोडं पाहिलं. “क्या है अम्मा झोली में?”

“मांजर हाय. दुखणाईत हाय.”

“हौ? फिर आहिस्ता लेतूं मैं.” आणि जालना रोडवर सगळी वाहनं मागून हॉर्न देत असताना तो एकेक खड्डा चुकवत, सायकलच्या चालीनं गेला.

*

पुंजाराम कंपाउंडर निवृत्तीला टेकलेला, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस. त्यानं फाईल काढली, कागद पाहिला.

“मुंजाबा आलेत का? सही त्यांची लागेल.”

“हे मांजर त्यांचं नाय,” बानाबाई म्हणाल्या.

“मग नाव कसं त्यांचं?”

“तुमी मालकाचं नाव इचारलं. आमी मालकाचं सांगितलं.”

पुंजारामनं चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आवडाकडे. त्याच्या ओठांच्या कडा जराशा हलल्या, पण तो हसला नाही. देवगाव रंगारीचा होता तो. त्याच्या घरीही कोणी त्याचं नाव घेत नसावं. त्यानं जुन्या कागदावर तिरपी रेघ मारली आणि नवा कागद घेतला.

“सांगा. मांजरीचा मालक कोण?”

“मी.”

“नाव?”

“बानाबाई.”

“बानाबाई मुंजाबा...” तो लिहायला लागला, तोच बानाबाईंनी खिडकीतून हात घालून पेनाच्या टोकापुढे तळवा ठेवला.

“त्यांचं नाव मधी नको.”

“अहो मावशी, सगळ्या बायांचं असंच असतं. आधार कार्डावर बी तसंच असंल तुमच्या.”

“मांजराला आधार कार्ड लागतंय व्हय?”

“नाही.”

“मग नुसतं बानाबाई लिवा.”

मागे एक माणूस बोकड घेऊन उभा होता. बोकडानं आवडाच्या पिशवीला तोंड घातलं. तिनं पिशवी ओढून घेतली. खिडकीच्या आत पुंजारामनं नुसतं बानाबाई लिहिलं आणि पुढची रिकामी जागा तशीच सोडून कागद बाहेर सरकवला.

“इथं सही. का आंगठा?”

“सही येते मला,” बानाबाई म्हणाल्या.

येत होती. गावातल्या बचत गटाच्या बाईनं महिनाभर गिरवून घेतली होती. त्यांना अक्षरं वाचता येत नव्हती. सही म्हणजे त्यांच्या लेखी एक लांबलचक नक्षी होती, एका टोकाला सुरू करायची आणि दुसऱ्या टोकाला सोडायची. त्या नक्षीत नवऱ्याचं नाव होतं आणि आडनावही होतं. त्यांनी गाठोडं एका हातानं छातीशी धरलं, दुसऱ्या हातात पेन घेतलं आणि टोक कागदावर टेकवून थांबल्या.

“आवडे, महं नाव कुठवर येतं? मला गं कळत नाय. कुठं थांबायचं ते दाव.”

आवडानं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि कागदावर, अंदाजानं, तर्जनीचं टोक ठेवलं.

बानाबाई काढत निघाल्या. ब-चं पोट, काना. न, काना. पुन्हा ब. पेन हळूहळू बोटाकडे सरकत आलं. शेवटची ई झाली आणि हात सवयीनं पुढे निघाला. पेनाचं टोक आवडाच्या नखावर टेकलं आणि थांबलं. तिच्या नखावर शाईचा एक ठिपका उमटला.

बानाबाई त्या चार अक्षरांकडे बघत राहिल्या.

“एवढंच हाय?”

“हो. एवढंच.”

“बरं,” त्या म्हणाल्या. त्यांनी गाठोड्याची कड सारून राखुंडीचं तोंड पाहिलं, आणि डॉक्टरांच्या खोलीच्या दाराकडे चालू लागल्या. कोणी बोलावलं नव्हतं तरी.

“बाई, तुमचीही लागेल,” पुंजाराम आवडाला म्हणाला. “साक्षीदार म्हणून. इथं, खाली.”

आवडानं पेन घेतलं. बँकेत, पोरीच्या लसीच्या कार्डावर, गॅसच्या पुस्तकावर ती करायची तीच सही करायची होती. न बघताही झाली असती. तिनं आवडा लिहिलं. पुढे ब काढायला पेन टेकवलं. बद्रीनाथ आता मशीनवर असेल. दोनच्या भोंग्यापर्यंत त्याचे हात तिथल्या फिरत्या पट्ट्याजवळच असतात.

तिनं पेन उचललं.

“पुढचं?” पुंजारामनं विचारलं.

पोरगी खांद्यावर चुळबुळली. आवडानं कागद खिडकीतून आत सरकवला. पुंजारामनं तो वाचला, शिक्का शाईत दाबला आणि त्या एका शब्दाच्या बाजूला, त्याला लागणार नाही असा, उमटवला.