दामोनच्या बरगडीतली वात

आजोबांना देवानं वाचवलं की वैद्यानं, असं नाती मला अजून विचारतात. मी दर वेळी काहीतरी सांगते, आणि दर वेळी ते थोडं वेगळं निघतं. मलाच ते कधी नीट लावता आलेलं नाही.

माझा नवरा दामोन कुंभार होता. त्या हिवाळ्यात त्याला आधी खोकला झाला, मग ताप चढला आणि शेवटी छातीत पू साठला. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून तो भट्टीच्या उबदार भिंतीला टेकून बसलेला असायचा. चाकावर अर्धवट राहिलेली सुरई तशीच वाळून तडकली. ती मोडायला माझा हात धजेना.

तिमारेता, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "मिक्का, तू एपिदावरॉसला जा. त्याला तिथवर नेणं जमायचं नाही. त्याच्या वाटचं तू झोप."

आमच्याकडे तसं चालतं. रोग्याला नेता येत नसेल, तर घरचं कोणी तिथल्या देवळात, रोग बरे करणाऱ्या अस्क्लेपिओस देवाच्या ओवरीत झोपतं आणि तो स्वप्नात यायची वाट बघतं. मी आंघोळ केली, मधाची पोळी वाहिली आणि चटईवर आडवी झाले. शेजारी हालिएइस गावची एक जाडजूड बाई होती. ती मुलाच्या डोळ्यासाठी आली होती.

सकाळी उठलो तर दोघींनाही स्वप्नात देव दिसला होता. आम्ही कारंज्यापाशी बसून एकमेकींना सांगत सुटलो. ती म्हणे, "तुला आधी काय दिसलं?" मी सांगायला लागले की मधेच, "अगं, मलाही तस्संच!" मला दाढीवाला देव दिसला होता. त्यानं दामोनच्या उजव्या कुशीत सुरी घातली होती. देवाच्या नखांत माती होती, हेही मला स्पष्ट आठवत होतं. आणि एक पांढरा साप. तो साप मी पाहिला की तिनं पाहिला? तेव्हा विचारायला हवं होतं. पण मला घरी पोचायची घाई होती.

घरासमोर माणसं गोळा झालेली बघून मी वाटेतच थांबले. पण आतून दामोनची शिवी ऐकू आली आणि मी धावले.

थ्रासोन नावाचा क्निदोसचा वैद्य त्या सकाळी गलबतातून उतरला होता. मी पोचायच्या आधीच शेजाऱ्यांनी त्याला ओढून आणलं होतं आणि दामोननं कापायला होकार दिला होता. वैद्यानं त्याला खांद्याला धरून हलवलं, आत पू डुचमळतो का ते ऐकायला छातीला कान लावला, मग आमचीच माती कालवून ओल्या कापडावरून तिचा लेप छातीला दिला. डाव्या कुशीत एका जागी तो आधी वाळला. आतली आग तिथंच, म्हणून बरोबर तिथं, दोन बरगड्यांच्या मधे त्यानं सुरी चालवली. घंगाळभर पू निघाला. मग त्या भोकात त्यानं कापडाची वात सरकवली. तिचा दोरा बाहेर लोंबत होता.

सासूबाई त्या दोऱ्यावर नजर रोखून उभ्या होत्या. "आली ही! आता हिला विचारा. देव कापतो ना, तर पुसतो, मिटवतो आणि सकाळी माणूस चालत घरी जातो. जखमेत चिंध्या कोंबून ठेवत नाही!"

"आजी," थ्रासोन म्हणाला, "तोंड आज मिटलं तर पू पुन्हा आत साठेल. दुसऱ्यांदा कापून घ्यायला याच्यात बळ नाही. वात काढलीत तर हा जायचा."

"आणि देवाची रीत मोडली तर?"

"मी त्याच घराण्यातला आहे. ट्रॉयच्या युद्धात राजांच्या अंगातले बाण काढणारा माखाओन अस्क्लेपिओसचाच मुलगा ना?"

"ते राजांचे बाण काढायचे. तुम्ही कुंभाराचा पू काढता. घराणं बरंच उतरलंय म्हणायचं!"

दामोनला हसू आलं. हसताना कळ आली आणि तो कण्हला.

"अहो, देवाचा स्वतःचा जन्मच आईचं पोट चिरून झाला, तेही चितेवर," वैद्य म्हणाला. "त्याला सुरीचं वावडं कसलं?"

"सुरीचं नाही, तुमच्या चिंधीचं असेल!" सासूबाईंनी दोरा बोटाभोवती गुंडाळला. "मिक्का, बोल. देवानं जखम मिटवली की नाही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दामोनही. तो घामानं डबडबला होता, पण कित्येक दिवसांनी त्याचा श्वास मोकळा चालत होता. मी डोळे मिटून स्वप्न शोधलं. देव होता, सुरी होती, नखांतली माती होती. पुढचं दिसेना. दिसत होता तो फक्त लोंबणारा दोरा.

"साप आत गेला," मी म्हणाले. "पांढरा. शेपटी बाहेर राहिली. देवानं ती तशीच राहू दिली."

सासूबाईंनी दोऱ्याकडे पाहिलं आणि बोट अलगद सोडवून घेतलं. "मग आधी नाही का सांगायचं?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि वैद्यासाठी मसुराचं कालवण गरम करायला गेल्या.

वात रोज बदलली, पू पातळ होत गेला, आणि द्राक्षं तोडायच्या दिवसांत दामोन परत चाकावर बसला. देवाला वाहायला त्यानं स्वतःच मातीची छाती घडवली.

"भोक कुठल्या बाजूला पाडू?" त्यानं विचारलं.

"स्वप्नात उजवीकडे होतं."

"समोरून बघितलं असशील. माझी डावी ती तुझी उजवी."

"पण मी तुझ्या पाठीमागे उभी होते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, डावीकडेच भोक पाडलं, आणि त्यातून बाहेर आलेली बारीकशी शेपटी केली. बराच वेळ ती बोटानं गुळगुळीत करत बसला. खरंच दिसली होती का, हे त्यानं मला कधीच विचारलं नाही. तो म्हातारा होऊन, सुखानं झोपेत गेला.

ती छाती देवळात अजून टांगलेली आहे. दर उत्सवाला मी तिच्याखाली बसते आणि येणाऱ्या बायकांचे चेहरे बघते. हालिएइसची ती बाई असलीच तर आता माझ्यासारखीच वाळून गेली असेल. तिला विचारायचं आहे, साप तुझा होता का? मग वाटतं, ती हो म्हणाली तर? दामोन तर तिच्या सापावर इतकी वर्षं जगून गेला. मग मी पदर डोक्यावर ओढून घेते, आणि थोड्या वेळानं पुन्हा चेहरे बघायला लागते.