बूट कुठे चावतो

"बोला काका, निकाल काय? काकू काय म्हणाल्या?" सुपरवायझर सवयीने बोलून गेला आणि मग वरमला. "चुकलं हो. तुम्हीच सांगा."

मी पायातल्या नव्या जोडाकडे बघितलं. आमच्या कारखान्यात घोट्यापर्यंतचे कॅनव्हासचे बूट होतात. नमुना माझ्या तरुणपणापासून तोच. नवा माल निघाला की पहिला जोड दिवसभर मी घालायचा आणि सांगायचं, पायाला आराम कसा, शिवण कशी, गिऱ्हाइकाचे पैसे वसूल होतात का. माझा पाय नेमका नमुन्याच्या मापाचा.

पुढे साखरेने पाय बधिर झाले. तरी काम टिकलं ते बायकोमुळे. घरी गेलो की ती नाड्या सोडायची, मला वाकवत नाही म्हणून, आणि माझा पाय मांडीवर घेऊन वळ शोधायची. "बूट चावतो तुम्हाला आणि बोंबलायचं मी," म्हणायची. मग हुकूम सुटायचा, "सांगा त्यांना, घोट्याची शिवण आतून टोचते. असले बूट फुकट दिले तरी कोणी घेणार नाही." सकाळी मी तेच सांगायचो. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, हसायचे.

ती गेल्यावरचा हा पहिला जोड. मालक म्हणाले होते, यांना आता कळणार कसं? एकदा बघू, नाहीतर घरी बसवा. घरी बसून मी काय करणार? तिथे आता कोणी बोलत नाही.

"घोट्याला आधार चांगला आहे," मी म्हणालो. "कापड दणकट. शिवण सरळ. पैसे वसूल."

"कुठे चावत नाही ना?"

"छे! लोण्यासारखा आहे."

सुपरवायझर खूश झाला. "बघा, मी मालकांना म्हटलंच होतं!"

तळ चिकटवणारी बाई शेजारीच उभी होती. ती हळूच म्हणाली, "काका, डावा बूट काढा बरं."

मी खाली बघितलं. टाचेजवळ पांढरं कापड लाल झालं होतं.

सुपरवायझरने गुडघ्यावर बसून नाडी सोडली. मोजा टाचेला चिकटला होता. त्याने बुटात बोट फिरवलं. टाचेतल्या पुठ्ठ्याची कड वर आली होती.

"दुखलं नाही तुम्हाला?"

"नाही."

त्याने बूट बाजूला ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, उद्यापासून आराम करा."

"बरं," मी म्हणालो. मग उजवा पाय पुढे केला. "याचंही बघून घ्या. हा कदाचित बरा असेल."

कोणी हललं नाही. बाईने पदर तोंडाला लावला. शेवटी मीच वाकलो. नाडीची गाठ दिसत होती, पण हात तिथवर पोचेना.