पाखरं कुठं जायाची

भूमच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवल्यामुळं असेल, नियम मोडलेला मला खपत नाही. निवृत्तीनंतर लेकीनं, भैरवीनं, पुण्याहून छोटा ड्रोन आणून दिला, तेव्हा मी आधी नियम पाठ केले आणि मगच डबा उघडला. ड्रोनच्या ॲपच्या नकाशात आपलं शिवार हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, पट्ट्यात आहे ना, ते बघायचं. चारशे फुटांच्या वर न्यायचा नाही, नजरेआड करायचा नाही, माणसांच्या डोक्यावरून फिरवायचा नाही. भैरवीनं स्वतःचा एक नियम जोडला: कुणाची एक जरी तक्रार आली, तर ड्रोन ती परत नेणार. बापावर लेकीचा विश्वास तो एवढाच. पण वस्तू इतकी आवडली होती की मी मुकाट मान डोलावली.

माघात ज्वारीची कणसं भरली. नोकरीत असताना शेत बटाईनं दिलेलं, यंदा पहिल्यांदाच मी स्वतः बघत होतो. रोज सकाळी ओढ्याच्या कडेला उभा राहून आमच्या दोन एकरांवर ड्रोन फिरवायचो. बांधाच्या आत, तीस फुटांवर, अगदी कायदेशीर. त्याच्या घरघरीनं पाखरं भुर्रकन उठायची. राखणीला माणूस नको, घसा कोरडा करणं नको. शामला, माझी बायको, म्हणायची, म्हातारपणी पतंग सापडला यांना. मी तिकडं दुर्लक्ष करायचो.

चौथ्या दिवशी सण्णकन आवाज झाला आणि माझा ड्रोन गिरक्या खात बांधापलीकडच्या ज्वारीत पडला. ते शेत द्वारकाबाईंचं. सत्तरी उलटलेल्या द्वारकाबाई चार बांबूंच्या माळ्यावर गोफण घेऊन दिवसभर पाखरं राखतात, आणि त्यांच्या गोफणीचा दगड कधी चुकत नाही. माझं डोकंच फिरलं. नियमांचा छापील कागद खिशातून काढत मी बांध ओलांडला आणि माळ्याखाली उभा राहून एकेक कलम वाचून दाखवलं. मी कुठं चुकलो ते सांगा म्हटलं. मनात मात्र धाकधूक होती. हे भैरवीच्या कानावर गेलं, तर ड्रोन गेलाच.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला वर बोलावलं. गुडघ्यांना शिव्या देत चढलो. त्यांनी नुसता हात केला. आमच्या शेतात एक पाखरू नव्हतं. सगळी त्यांच्या कणसांवर बसली होती. बांधाकडच्या चार ओळी निम्म्या रिकाम्या झाल्या होत्या.

"तुमच्या कागदात समदं हाय गुरुजी," त्या म्हणाल्या. "पाखरं कुठं जायाची, तेवढं न्हाय."

जन्मभर पोरांना वजाबाकी शिकवली. माझ्या शेतातून वजा झालेली पाखरं कुणाच्या तरी शेतात मिळवावी लागतात, हे काही मला सुचलं नव्हतं. खरंच लाज वाटली.

मग त्यांनी शिवाराची रीत सांगितली. ऊन वर आलं की उगवतीच्या टोकाचा राखणदार हाळी देतो, त्याच्यामागून पुढचा, मग त्याच्या पुढचा. पाखरं एकाच दिशेनं सरकत ओढ्याकाठच्या बाभळींत जातात, शेजाऱ्याच्या माथी कुणी मारत नाही. शेवटची पाळी आमची, कारण आमचं शेत ओढ्याला लागून. आणि मी नेमका ओढ्याकडून त्यांच्याकडं हाकत होतो.

बाई स्वतः ज्वारीत शिरल्या आणि उभ्या पिकाचं एक ताट न मोडता ड्रोन घेऊन आल्या. एक पंखा तुटला होता. डब्यात जादाचा होता, तो बसवला. घरी कुणाला सांगू नका, असं म्हणायला जीभ रेटली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या बांधाशी उभा राहू लागलो. त्यांची हाळी ऐकली की माझा ड्रोन निघायचा, पाखरं ओढ्याकडं.

रविवारी सकाळी भैरवी शेतावर आली. डब्यात टाकलेला तुटका पंखा तिला दिसलाच, आणि ड्रोन कुणाच्या शेतात पडला ते मला सांगावं लागलं. ती तडक माळ्याखाली गेली आणि बाबांबद्दल काही तक्रार आहे का, असं तिनं सरळ विचारलं.

"व्हती की," द्वारकाबाई म्हणाल्या. "मिटली."

मग त्यांनी उभं राहून लांबलचक हाळी दिली. त्यांच्या ज्वारीतून थवा उठला आणि आमच्या शेतावर आला. त्या माझ्याकडं वळल्या.

"गुरुजी, पाळी तुमची हाय. उडवा."

भैरवीकडं न बघता मी ड्रोन उडवला.