माझ्या तोंडात तारा नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जुनी असं मी म्हणायचं, तुम्ही नाही. माझं नाव व्होल्गा. पुढच्या जाळीला फणीसारखे बारीक, चकचकीत दात. नारिनकडच्या आमच्या डोंगरी गावात माझ्याइतकी देखणी दुसरी कुणी नव्हती, घोड्यांतसुद्धा नाही.

ओस्मोन मेंढपाळानं आपले घोडे विकून मला शहरातून आणलं. त्याच्या बायकोनं, बुरुलनं, दारात मेंढा कापून त्याचं रक्त माझ्या चारी चाकांना लावलं. तसं केलं की गाडी घरची होते. पुढं मी नवऱ्या आणल्या, अडलेल्या बाळंतिणी खिंडीपलीकडच्या दवाखान्यात पोचवल्या. एकीलाही वाटेत बाळंत होऊ दिलं नाही.

मग ओस्मोन वारला. आमच्याकडे मढं उचलण्याआधी घरचा माणूस गावाला विचारतो, "याच्याकडे कुणाचं काही राहिलंय का?" राहिलं असेल ते तिथंच चुकतं करायचं, नाहीतर मेलेल्याला माती जड होते. शेजारचा काल्दिबेक उठला. त्यानं खिशातून तळहाताएवढा फोटो काढला. त्यात त्याचा बाप माझ्याच जातीच्या एका व्होल्गाला टेकून ऐटीत उभा होता.

"गाडी माझ्या बापाची. ओस्मोनला नुसती वापरायला दिली होती."

"खोटं बोलतोय हा," बुरुल म्हणाली. पण रडून डोळे सुजलेले, एवढ्याशा फोटोत तिला काय दिसणार?

"वहिनी, मढं उन्हात आहे. माझी मोटार गळ्यात बांधून नवऱ्याला पाठवता काय?"

तिनं किल्ली दिली.

काल्दिबेकनं मला तेलपाणी न बघता पळवलं. थकले तशी अंगणात ढकललं आणि आत कोंबड्या सोडल्या. ज्या गादीवर नवऱ्या लाजून बसल्या, तिथं कोंबड्या अंडी घालू लागल्या. मी एकेक कोंबडी लक्षात ठेवली.

बऱ्याच वर्षांनी काल्दिबेकला ऐंशी वर्षं झाल्याच्या मेजवानीला त्याच्या मुलानं, एर्मेकनं, तोच फोटो दाराएवढा मोठा करून भिंतीला लावला. बुरुल आली, मटण खाल्लं, चहा प्याली आणि फोटोपुढं बराच वेळ उभी राहिली. मग अंगणात येऊन तिनं बाहीनं माझ्या जाळीवरची घाण पुसली.

"तुला दात आहेत," ती हळूच म्हणाली. "त्या फोटोतलीच्या तोंडात तारा आहे. तुझ्या आधीच्या घडणीची आहे ती. गप्प राहा. दिवस येऊ दे."

मी काय, गप्पच होते. आम्ही दोघींनी वाट पाहिली.

काल्दिबेक भर उन्हाळ्यात गेला. एर्मेकनं गावाला तोच प्रश्न विचारला. बायकांच्या तंबूतून बुरुल बाहेर आली.

"माझं राहिलंय."

"आपा, तुम्ही आत बसा ना, बायकांत."

"इतकी वर्षं बसलेच होते. तो भिंतीवरचा फोटो बाहेर आणा. आणि त्या खुराड्याचं तोंड धुवा."

माझ्यावर पाणी ओतलं, फोटो शेजारी धरला. तिकडे तारा, इकडे दात. पोराटोरांनाही कळलं.

"शहरात कुणाच्या तरी गाडीला टेकून काढलाय की," एक म्हातारा म्हणाला. "मी तर विमानाला टेकून काढलाय. आता विमान मागू काय?"

एर्मेकची मान खाली गेली. "आपा, उद्या गाडी दारात आणून सोडतो. आज बापाला माफ करा."

"उद्या कशाला? मढं उन्हात आहे, एर्मेक."

काल्दिबेकच्या मुलांनी कोट काढले, कोंबड्या हाकलल्या आणि ते मला ढकलायला लागले. वाट चढाची, माझी चाकं बसलेली. त्यातून मी मुद्दाम जड झाले. त्यांचा घाम माझ्या पाठीवर ठिबकला, तिकडे तिरडी ताटकळली. बुरुलच्या दारात पोचल्यावर ती म्हणाली, "आता उचला त्याला."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही म्हणत नाही.

मित्रांनो, जुन्या गाडीला पुसत जा, तेल घालत जा. फोटोसाठी हव्या त्या गाडीला टेका, पण तिचं तोंड नीट बघून ठेवा. आणि माझ्या आसपास कोंबडी फिरकू देऊ नका. माझा भोंगा अजून वाजतो.