दुसरा दिवा

"भाभी, मोडेमसमोर उभ्या आहात ना? आता वरून दुसरा दिवा बगा. लागलाय का लुकलुकतोय?"

टेलिफोन एक्स्चेंजमधल्या टेस्टिंगच्या टेबलाशी बसून लाइनमन भागोजी फोनवर विचारत होता. पलीकडे मांडवीच्या सुरय्याभाभी जरा थांबल्या.

"लागलाय," त्या म्हणाल्या. "लाल."

भागोजीने रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे पाहत बसला. त्या मोडेमचे चारही दिवे हिरवे होते. दीड वर्षापूर्वी त्यानेच तो बसवला होता, त्यात लाल दिवा नव्हताच.

त्या लाइनची महिन्यातली ही तिसरी तक्रार होती. तक्रार भाभींची नव्हे, त्यांच्या मुलाची. रेहान दोहाला नोकरीला होता आणि तिथून एक्स्चेंजच्या साहेबांना मेल करायचा: आईचं चित्र अडकतं, अपलोड फार कमी येतं. पहिल्या दोन्ही वेळा भागोजीने 'लाइन ठीक आहे' असा शेरा मारला होता. आज साहेबांनी कागद त्याच्यापुढे आपटला.

"आज खांबावर चढून बघा. नाहीतर सोमवारी मी येतो तुमच्याबरोबर."

चढून, हा शब्द ऐकला आणि भागोजीच्या हातांना घाम फुटला. दोन वर्षांपूर्वी भाट्याला एक खांब त्याच्यासकट आडवा झाला होता. खाऱ्या वाऱ्याने तो बुडातून खाल्ला होता आणि वरून रंग मात्र छान चंदेरी. मोडलेला पाय जोडला गेला, भीती राहिली. आता शिडीच्या तिसऱ्या पायरीवर गुडघे लटलटायला लागत. आजवर जोडीदार केरू त्याचे खांब गुपचूप करून द्यायचा, पण गेल्या महिन्यात केरूची देवरूखला बदली झाली. पेन्शनला आठ महिने उरले होते, आणि चढता न येणाऱ्या लाइनमनचं काय करतात हे भागोजीने दुसऱ्याच्या बाबतीत पाहिलं होतं. घरी त्याने बायकोलाही यातलं काही सांगितलं नव्हतं.

शिडी सायकलला बांधून तो मांडवीला गेला. भाभींच्या आवारात, कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्याला लागूनच तो खांब होता. खांबाकडे न बघता तो आधी घरात शिरला. माणूस घाबरला की पहिल्यांदा दुसरं काम शोधतो.

भाभींनी दार उघडलं, "या" म्हणाल्या आणि सरळ पुढे चालत गेल्या. खुर्ची, टेबल, उंबरठा, कशालाही धक्का नाही. दोन मिनिटांत चहा आला, सांडला नाही. भागोजीला वाटलं, आपला उगाच संशय. मोडेमचा दुसरा दिवा लुकलुकत होता, हिरवा; म्हणजे लाइन धड नव्हती. त्याने वायरचं टोक उपसलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"जरा धरा हो भाभी."

भाभींनी त्याच्या आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. वायरपासून वीतभर अंतरावर त्यांची मूठ रिकामीच मिटली.

भागोजीने वायर पुन्हा मोडेममध्ये खोचली. मग भाभींनी हात मागे घेतला आणि त्या खुर्चीत बसल्या.

"काचबिंदू," त्या म्हणाल्या. "मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलं ते परत यायचं नाय."

"रेहानला म्हाइती नाय?"

"त्याला नाय, माज्या लेकीला, निदालाबी नाय. शेजारच्या तस्नीमला तेवढं ठावं हाय, ती बाजार आणून देते. तिला शपथ घातलीय." त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "रेहानला कळलं की तो घराला कुलूप लावील, आन मला मुंब्र्याला निदाकडं नेऊन ठेवील. चौथ्या माळ्यावर. तिथं जिना कुठं, मोरी कुठं, मला काय कळणार? ह्या घरात मी आंधळी नाय, भागोजी. ह्या घरात मला सगळं दिसतं. रातीची झोप लागत नाय मला ह्या भीतीनं."

"पण तो दर शुक्रवारी कॉल करतो ना? मोठ्या स्क्रीनवर बगतो तुमाला."

"करतो की. कम्प्युटर चालू केला की आपोआप लागतो, तोच करून गेलाय तसं. पण चित्र अडकतं. मी कुठं बगते ते त्याला समजत नाय, तेवढ्यावर निभावलंय." त्या पुढे वाकल्या. "ते इथून जाणारं चित्र हाय ना, तेवढं खराबच ऱ्हाऊ द्या. येणारं कितीबी येऊ दे, मला त्याचा उपेग नाय."

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत लाइन खराब ठेवा असं सांगणारं हे पहिलंच गिऱ्हाईक होतं. भागोजीला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. चढायचं नाही, वर पुण्यही.

"मी तपासायला तर पायजे ना. साहेब..."

"तुमी तपासता?" भाभी शांतपणे म्हणाल्या. "दोन येळा आलात. शिडी टेकल्याचा आवाज आला, काढल्याचा आला. मधी कायच नाय."

कपातला चहा भागोजीने खाली ठेवला.

"कुणाला सांगितलंत?"

"मी कुणाला सांगू?"

तेवढ्यात फोन वाजला. भाभींनी न चाचपडता रिसीव्हर उचलला. रेहान होता. लाइनमन आलाय कळल्यावर त्याने फोन भागोजीला द्यायला लावला. त्याचा आवाज चढलेला होता, खोलीभर ऐकू येत होता.

"काका, दोन मेगाची लाइन घेतली मी. तरी आईचं चित्र का अडकतं?"

"दोन मेगा येणारं, रेहान. ही एडीएसएल. हिच्यात येणारा रस्ता रुंद, जाणारी नुसती पायवाट. लोक बगतात जास्त, पाठवतात कमी, म्हणून तशीच बनवलीय."

"मग एसडीएसएल द्या. मी वाचलंय, त्यात दोन्हीकडे सारखं असतं. नाहीतर त्याहून वेगाची व्हीडीएसएल."

"एसडीएसएल मोठ्या कंपन्या घेतात, मुंबईत. व्हीडीएसएलला एक्स्चेंज हाकेच्या अंतरावर पायजे, तुमचं घर अडीच किलोमीटर. रत्नागिरीत हीच."

"पण बोलणाऱ्या माणसाचा चेहरा जाईल एवढी तरी पायवाट आहे ना?"

"हाय," भागोजी म्हणाला. खोटं सांगायला जीभ वळेना. "खांबावरचा वायरचा जॉइंट खराब असला की तेवढंही जात नाय."

रेहान पुन्हा बोलला तेव्हा त्याच्या आवाजातला राग गेला होता.

"काका, चित्र अडकतं ना, तेव्हा आईचा चेहरा तसाच थांबतो. डोळे थांबतात. दर वेळी मला वाटतं, तिला काहीतरी झालं आणि मी इथे बसून नुसता बघतोय. पुढचा शुक्रवार येईपर्यंत घशाखाली घास उतरत नाही. मला फक्त ती हललेली बघायचीय हो."

भागोजीने फोन ठेवला. भाभींनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी ओढणीच्या टोकाने नाक पुसलं.

"माजं पोर तिथं रोज मरतंय," त्या म्हणाल्या. "आन मी इथं घर धरून बसलेय." मग त्या उठल्या. "चला. शिडी लावा."

"भाभी, मला..." दोन वर्षांत हे वाक्य भागोजीने कुणापुढे उच्चारलं नव्हतं. "मला भ्या वाटतं. हात सुटतात."

"मलाबी वाटतं. मी धरते."

दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून, पाय रोवून त्या उभ्या राहिल्या. भागोजीने आधी खांबाचं बूड चारी बाजूंनी ठोकून पाहिलं, मग आणखी एकदा ठोकून पाहिलं. पहिली पायरी, दुसरी. तिसरीवर तो अडला. खालचा चिऱ्यांचा गडगा त्याच्याकडे सरकतोय असं वाटलं आणि डोळ्यांपुढे भाट्याचा तो खांब पुन्हा एकदा कलला. आता उतरतो म्हणून त्याने खाली पाहिलं. भाभींचा चेहरा वर होता, त्याच्या थोडा बाजूला, जिथे तो नव्हता तिथे. शिडी मात्र तसूभर हलत नव्हती.

"थांबू नका," त्या म्हणाल्या. "थांबलात की मला कळतं."

तो चढला. पेटीतला जॉइंट हिरवा पडून कुजला होता. कापून, वायर खरवडून त्याने नवा बांधला. एक हात शिडीवरून सोडवेना, म्हणून पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागला. खाली उतरल्यावर तो तिथेच मातीत बसला, आणि भाभींनी शिडी सोडली तेव्हा त्यांच्या तळव्यांवर पायरीचे वळ उठले होते.

घरात दुसरा दिवा स्थिर झाला होता. शुक्रवार होता, रेहानच्या कॉलची चारची वेळ झाली होती. भागोजीने भाभींचा हात धरून स्क्रीनवरच्या कॅमेऱ्याला लावला. "इथं बगायचं. मान हलवू नका." त्यांनी ओढणी नीट केली, बटण दाबलं आणि ताठ बसल्या. त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. भागोजी खुर्चीमागे उभा राहिला.

रेहान दिसला, स्वच्छ. "अम्मी! दिसतेस! पापण्यासुद्धा हलतायत!" तो खुर्चीतून उठलाच. मग काही न बोलता त्याने टेबलाखालून एक फिरोजी ओढणी काढली, दोन्ही हातांनी उंच धरली आणि हसत वाट पाहत राहिला.

भाभी कॅमेऱ्याकडे बघत होत्या. "काय रे, गप का? आवाज गेला काय?"

रेहानचं हसू हळूहळू उतरलं. ओढणी खाली आली. त्याने हात वर करून हलवला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. भाभींची नजर जागची हलली नाही. मग त्याने मागे उभ्या असलेल्या भागोजीकडे पाहिलं. भागोजीला ती नजर पेलवली नाही, त्याने मान खाली घातली. काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तर रेहानने ओठांवर बोट ठेवलं.

"आहे, आवाज आहे," रेहान म्हणाला, अगदी नेहमीच्या सुरात. "जेवलीस?"

"जेवले की. बांगडं आणलंन तस्नीमनं."

"अम्मी, ईदला येतोय मी. आणि हे बघ..." तो अडखळला. "हे ऐक. घर आहे तसंच राहू दे. कुठलीच वस्तू जागची हलवायची नाही. मी आल्यावरही नाही, नंतरही नाही. तू तिथेच राहायचंस."

"मी कशाला हलवतेय?" भाभी म्हणाल्या. पण खुर्चीच्या हातावरची त्यांची बोटं सैल पडली.

मग ओढणी तोंडाशी धरून, मान जराही न वळवता, त्यांनी मागे हळूच विचारलं, "भागोजी, कसा दिसतो हो माजा रेहान?"

भागोजीने स्क्रीनकडे पाहिलं. रेहानने ती फिरोजी ओढणी डोळ्यांवर दाबून धरली होती आणि त्याचे खांदे हलत होते. चित्र एकदाही अडकलं नाही.

"हसतोय," भागोजी म्हणाला.