केशरी लेंड्या

गोगलगायी शिजवण्याआधी आठवडाभर उपाशी ठेवतात, पोट साफ होण्यासाठी. फ्रान्समधल्या आमच्या शारांत भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

रविवारी आमचा मुलगा लुदोविक जेवायला येणार, म्हणून मी दोनशे गोगलगायी काचघरातल्या जाळीच्या पेटीत कोंडल्या होत्या. रोज सकाळी गुडघे टेकून ती पेटी धुवायची. तरी पाचव्या दिवशीही तळाला केशरी लेंड्याच. गोगलगाय जे खाते त्याच रंगाची घाण करते, आणि शेजारच्या वाफ्यातली गाजरं कमी झाली होती.

"ऑन्सेल्म, तूच घालतोस ना यांना गाजरं?" मी नवऱ्यावर ओरडले. "माझी इथं कंबर मोडली आणि तुला यांचा पुळका!"

तो टोमॅटोच्या रोपांना सुतळी बांधत राहिला.

"पुळका कसला? सोमवारी लुदोविकचा फोन आला होता. याही वर्षी जमत नाही म्हणाला. मला वाटलं, गोगलगायीच तयार नसल्या तर बेत तू आपणहून पुढं ढकलशील."

मी घासणी खाली ठेवली.

"बारीक चिरून तरी घालायचीस, मेल्या," मी म्हणाले, आणि वाफ्यातलं एक गाजर उपटून पेटीचं झाकण उघडलं.