खिडकीखालची जागा

लोकांच्या घरात मी भिंतीतून पलंग काढतो. सुतार आहे, धंदाच आहे माझा. दहा बाय बाराच्या खोलीत चार पाहुणे झोपवून दाखवीन, अशी बढाई मी उठसूट मारतो आणि खरीही करून दाखवतो. पण माझ्या स्वतःच्या दीड खोलीत माझी सख्खी बहीण कधी एक रात्र राहिली नव्हती. संध्याकाळचे सहा वाजले की ताईची चुळबुळ सुरू. "निघते रे, घरी कामं पडलीत."

या वेळी तिला जाऊ द्यायचं नव्हतं. दाजी गेल्यापासून ती एकटी, आणि डोळ्याच्या ऑपरेशननंतर आठवडाभर तिला एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी हट्टाला पेटलो. खिडकीखाली, घरातल्या सगळ्यात हवेशीर जागी, भिंतीला मिटणारा पलंग ठोकला. उंची तिच्या गुडघ्याच्या मापाची, कडा गोल घासलेल्या, वर जाड गादी. पाहुण्याला घरातली उत्तम जागा द्यावी, हे मी गिऱ्हाइकांनाही ऐकवत असतो.

ताई आली, पलंगावर बसली, कड चाचपली. "छान केलायस रे," म्हणाली. आणि सहाच्या ठोक्याला पिशवी उचलली.

माझं डोकंच फिरलं. "काय कमी आहे यात? सांग ना! तीन वर्षं तुझ्याकडे राहून काम शिकलो मी. तुला आठ दिवस माझ्याकडे राहवत नाही?"

काळ्या चष्म्यामुळे ताईचा चेहराही कळेना. "अहो, तुम्ही जरा बाहेर जा बघू," बायको म्हणाली. मी तणतणत पायरीवर जाऊन बसलो. दीड खोलीचं घर. आतला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"रात्री तीन-चारदा उठावं लागतं गं मला," ताई हळूच सांगत होती. "बाथरूम त्या टोकाला. मध्ये पोरांसकट तुम्ही चौघं झोपलेले. त्यातून हा असा डोळा. कुणाच्या अंगावर पाय पडला तर? त्याला कसं सांगू हे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी पलंगाची लांबी-रुंदी मोजत आलो. त्यावरून उठलेलं माणूस पुढे कुठे जाणार, हे एकदाही मोजलं नव्हतं.

आत गेलो, हत्यारांची पेटी उघडली. खिडकीखालचे स्क्रू काढले, बाथरूमच्या दाराशेजारचं कपाट ओढून बाजूला केलं आणि पलंग तिथे बसवला. घरातली सगळ्यात कोंदट जागा. गिऱ्हाइकाने तिथे मागितला असता, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. भिंतीला धरायला एक दांडाही ठोकला.

"अरे, भोकंच भोकं केलीस की भिंतीला!"

"असू दे. चालून बघ."

ताई उठली, दांडा धरून चार पावलं गेली, परत आली. पुन्हा एकदा गेली. मग पलंगावर नीट मांडी घालून बसली आणि बायकोला म्हणाली, "आता पाणी दे गं. तुमच्याकडे यायचं म्हटलं की सकाळपासून घोटभरही पीत नाही मी."